आरसी गाडीचे शॉक : आधी दोष काढावा, मग जुळणी करावी

उडीवरून उतरल्यावर आरसी (रिमोटने चालवायची छोटी) गाडी दोनदा उसळली किंवा वळणावर एका बाजूला जास्त कलली, की आपला हात आधी शॉकवरच्या (चाकाचे धक्के शोषणाऱ्या नळीवरच्या) कॉलरकडे, म्हणजे स्प्रिंगला वरून दाबणाऱ्या आट्यांच्या कड्याकडे जातो. कॉलर चार आटे खाली फिरवली की गाडी उंच होते, थोडी वेगळी वागते आणि सुधारणा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा एका शॉकमधले तेल गळून निम्मे झालेले असते आणि तो दोष या फिरवाफिरवीखाली झाकला जातो. चारही शॉक निर्दोष आहेत आणि जोडीजोडीने सारखे आहेत, याची खात्री होण्यापूर्वी केलेली जुळणी व्यर्थ जाते, असे माझे स्वतःच्याच चुकांमधून बनलेले मत आहे. म्हणून येथे दोष शोधण्याला अधिक जागा दिली असून जुळणीचा विचार त्यानंतर केला आहे.

पुढील सर्व विवेचन १/१० मापाच्या, मातीवर धावणाऱ्या बग्गी आणि ट्रक या प्रकारांतील गाड्या समोर ठेवून केले आहे. या गाड्यांचे शॉक तेलाचे असतात. स्वस्त खेळण्यांमध्ये, तसेच तामियाच्या टीटी-०२ सारख्या संचाच्या मूळ आवृत्तीत येणाऱ्या शॉकमध्ये तेल नसते. स्प्रिंग आणि प्लास्टिकचे घर्षण एवढ्यावरच त्यांचे काम चालते. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. स्प्रिंग काढून शॉकच्या नळीतून बाहेर आलेला दांडा आधी हळू आणि मग जोरात आत ढकलावा. तेलाचा शॉक जोरात ढकलल्यावर जास्त विरोध करतो, तर बिनतेलाचा शॉक दोन्ही वेळा जवळपास सारखाच सरकतो. बिनतेलाच्या शॉकमध्ये जुळवण्यासारखे फारसे काही नसते आणि आत ग्रीस भरल्याने तो तेलाचा होत नाही. अशा गाडीला तेलाचे चार शॉक बसवावेत आणि मगच पुढे वाचावे.

शॉकच्या आत काय चालते

शॉकमध्ये दोन वेगळी कामे एकाच वेळी चालतात आणि ती मनात वेगळी ठेवली नाहीत तर निदान हमखास चुकते. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. गाडी किती खाली बसेल आणि वळणावर किती कलेल हे ती ठरवते. पिस्टन आणि तेल मिळून वेग ठरवतात. ते बसणे आणि कलणे किती लवकर घडेल हे त्यांच्यावर अवलंबून असते. गाडी स्थिर उभी असताना तेलाला काहीच काम नसते. त्यामुळे उभी गाडी एका बाजूला झुकलेली दिसत असेल, तर तेल बदलून ती सरळ होणार नाही. आणि उसळणाऱ्या गाडीची स्प्रिंग बदलली तर ती केवळ वेगळ्या लयीत उसळत राहील.

पिस्टन म्हणजे दांड्याच्या टोकावर बसवलेली, दोन किंवा अधिक भोके असलेली छोटी चकती होय. दांडा आत-बाहेर होताना तेलाला या भोकांतून वाट काढावी लागते. पिचकारीचे भोक बारीक असेल तर दट्ट्याला जोर लागतो आणि पाण्याऐवजी काकवी भरली तर त्याहून जास्त लागतो, हा अनुभव ज्याने घेतला असेल त्याला शॉकचे निम्मे शास्त्र आधीच कळलेले असते.

उरलेले निम्मे शास्त्र जागेचे आहे. दांडा ३ मिलिमीटर जाडीचा आणि त्याची चाल ३० मिलिमीटर धरली, तर तो पूर्ण आत जाताना सुमारे २१२ घन मिलिमीटर, म्हणजे ०.२ मिलिलिटरहून किंचित जास्त जागा व्यापतो. तेल दाबून लहान होत नाही, त्यामुळे या चार-पाच थेंबांइतकी जागा आत कोठून तरी मिळावी लागते. काही शॉकमध्ये टोपीखाली रबरी डायफ्रॅम असतो आणि तो वर दबून ही जागा करून देतो. काहींमध्ये डायफ्रॅम नसतो आणि थोडी हवा जाणीवपूर्वक तेलाबरोबर ठेवलेली असते. त्यांना इमल्शन शॉक म्हणतात. तेल गरजेपेक्षा जास्त भरले तर दांडा शेवटपर्यंत आत जात नाही आणि जोर केल्यास तेल सीलमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांमधून, बाहेर पडते. कमी भरले तर पिस्टन काही अंतर हवेतूनच जातो आणि त्या अंतरात शॉक असून नसल्यासारखा होतो. पुढे येणाऱ्या दोषांपैकी बरेचसे या चार-पाच थेंबांच्या हिशेबातच अडकलेले असतात.

गाडीवरची तपासणी

बॅटरी बसवलेली गाडी सपाट पृष्ठभागावर ठेवावी. जाड काचेचा तुकडा किंवा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा यासाठी उत्तम असतो, मात्र चाके धुऊन आणि घरच्यांची परवानगी घेऊनच. पुढचा भाग बोटांनी दाबून सोडावा आणि मग मागचा. दबलेला भाग एकदाच वर येऊन स्थिर झाला पाहिजे. तो वर जाऊन पुन्हा खाली आला तर तेल पातळ आहे, कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. आणि सावकाश, जणू नाइलाजाने वर आला तर तेल दाट आहे किंवा काहीतरी अडकते आहे. यानंतर गाडी सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवरून आडवी सोडावी आणि ती कशी बसते ते पाहावे. ३० सेंटिमीटरवरून सोडल्यावर चेसिसचा तळ जमिनीला हलका टेकावा, पण आपटल्याचा आवाज येऊ नये आणि गाडी पुन्हा उसळू नये.

आता पुढच्या बंपरखाली बरोबर मध्यभागी स्क्रूड्रायव्हरची दांडी धरून गाडी हळूहळू उचलावी. दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी जमीन सोडतात का, हे डोळे ओट्याच्या पातळीवर आणून पाहावे आणि मागच्या बाजूलाही तसेच करावे. एक चाक आधी उचलले गेले तर दोन्ही बाजूंच्या शॉकची लांबी, स्प्रिंग किंवा कॉलर यांत फरक आहे, अथवा चेसिसलाच पीळ पडला आहे.

त्यानंतरची तपासणी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. चारही शॉकची खालची टोके सोडवावीत आणि प्रत्येक आर्म, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारा हलता हात, वर उचलून सोडून द्यावा. तो स्वतःच्या आणि चाकाच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. तो मध्येच थांबला किंवा अडखळत आला, तर दोष शॉकमध्ये नसून हिंज पिन (आर्म ज्या बारीक सळईवर फिरतो ती) वाकलेली आहे, सांध्यात माती गेली आहे किंवा एखादा स्क्रू जास्त आवळला गेला आहे. माझ्या एका गाडीची मागची उजवी बाजू दाबल्यावर परत येताना अडत असे. त्यावर उपाय म्हणून मी जवळपास दोन महिने दर रविवारी तेल पातळ करत गेलो, शेवटी शॉकमध्ये तेल आहे की पाणी अशी स्थिती आली आणि तरीही ती बाजू अडतच राहिली. एके दिवशी चाकाचा बेअरिंग बदलताना आर्म मोकळा केला, तेव्हा हिंज पिन काचेवर घरंगळताना डुगडुगते आहे हे दिसले. पिन बदलली आणि तेल मूळ दाटपणाचे भरले. गाडी पहिल्याच फेरीत सुधारली.

शॉक हातात घेऊन

आर्म मोकळे आहेत असे ठरल्यावर शॉक गाडीवरून काढावेत आणि कोणता शॉक कोणत्या कोपऱ्यातला हे चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. स्प्रिंग काढून दांडा कानाजवळ धरून हळूहळू आत-बाहेर करावा. पचपच असा आवाज आला तर आत हवा आहे. इमल्शन शॉकमध्ये असा थोडा आवाज स्वाभाविक असतो, डायफ्रॅमच्या शॉकमध्ये तो असता कामा नये. सुरुवातीचे काही मिलिमीटर दांडा रिकामा जाऊन मग अचानक विरोध जाणवला, तर तेल कमी आहे. दांडा पूर्ण आत ढकलून सोडल्यावर तो किती बाहेर येतो, म्हणजे रिबाउंड किती आहे, तेही पाहावे. रिबाउंड शून्य ठेवावा की अर्धा, यावर चालवणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत, पण डाव्या आणि उजव्या शॉकचा रिबाउंड सारखा असावा यावर कोणाचा मतभेद नाही.

जोडीची तुलना करण्याची एक साधी युक्ती आहे. दोन्ही पुढचे शॉक हातांत धरून त्यांच्या दांड्यांची टोके एकमेकांवर टेकवावीत आणि दोन्ही हात सावकाश जवळ आणावेत. दोन्ही दांडे सारख्या वेगाने आत गेले तर जोडी जमली आहे. एक आधी आत गेला तर त्यातले तेल पातळ किंवा कमी आहे, किंवा त्याचा पिस्टन वेगळा आहे. याच वेळी दांडे पूर्ण बाहेर ओढून दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यांमधील अंतर व्हर्निअरने मोजावे. डाव्या-उजव्या शॉकच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालवून घेऊ नये. खालचे बॉल-एंड, म्हणजे दांड्याच्या टोकावरचा प्लास्टिकचा सांधा, दांड्यावर कमी-जास्त फिरवून तो काढता येतो. टक्कर झालेल्या गाडीत हा फरक दोन मिलिमीटरपर्यंत गेलेला मी पाहिला आहे आणि चालवणारा मात्र गाडी उजवीकडे खेचते म्हणून स्टिअरिंगचा ट्रिम फिरवत होता.

तेल कोठून गळते यावरून बरेच कळते. दांड्याजवळ, खालच्या बाजूने ओल आणि त्यावर चिकटलेला धुळीचा थर दिसला तर ओ-रिंग, म्हणजे सीलच्या रबरी कड्या, झिजल्या आहेत किंवा दांड्यावर ओरखडा आहे. केवळ ओ-रिंग बदलून दांडा तसाच ठेवला तर तो ओरखडा नव्या रिंगही काही दिवसांत कापतो, म्हणून दांडा पुसून नखाने चाचपावा आणि नख अडले तर दांडाही बदलावा. कोकणातल्या जांभ्याच्या लाल धुळीत आणि देशावरच्या मुरमात गाडी चालवणाऱ्यांना हा दोष वारंवार भेटतो, कारण तेलाने ओलसर झालेल्या दांड्यावर बसलेली बारीक धूळ सीलपाशी पॉलिश पेपरसारखे काम करते. वरून, टोपीजवळून गळत असेल तर कारण बहुधा साधे असते: टोपी आट्यांवर तिरकी चढली आहे, डायफ्रॅम नीट बसलेला नाही किंवा प्लास्टिकची टोपी चिरली आहे. टोपी गळते म्हणून पकडीने आवळण्याचा मोह टाळावा. चिरलेल्या टोप्यांपैकी बहुतेक अशाच चिरतात.

दांडा वाकला असेल तर शॉक एका ठरावीक जागी येऊन अडतो. दांडा काढून काचेवर घरंगळवला की वाक लगेच दिसतो. तो सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण डोळ्यांना सरळ दिसणारा दांडाही सीलला जाणवण्याइतका वाकडा राहतो. चांगला चालणारा शॉक एकाएकी निकामी झाला आणि तेल मात्र पूर्ण आहे, असे आढळल्यास पिस्टन दांड्यावरून सुटला आहे असे समजावे; तो धरून ठेवणारी ई-क्लिप निघालेली किंवा नट ढिला झालेला असतो. खालची प्लास्टिकची वाटी निसटून स्प्रिंग मोकळी झाली असेल तर ते टक्कर झाल्याचे लक्षण असते आणि अशा वेळी वाटी परत बसवून पुढे जाण्याआधी दांडा जरूर पाहावा.

शॉक उघडून नव्याने भरणे

या कामाला घाई चालत नाही. एक संध्याकाळ, पांढरे कापड अंथरलेले टेबल आणि सुटे भाग ठेवण्यासाठी चार वाट्या एवढी तयारी पुरते. तेल शुद्ध सिलिकॉनचेच घ्यावे. शिवणयंत्राचे किंवा इंजिनचे तेल घालण्याचा सल्ला अधूनमधून कोणीतरी देतो, पण तापमान बदलले की त्या तेलांचा दाटपणा सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त बदलतो आणि काही जातींचे रबर त्यांत फुगते.

बाटलीवरच्या आकड्यांबाबत सावध असावे. काही बाटल्यांवर डब्ल्यूटी (वेट) हे माप असते आणि काहींवर सीएसटी (सेंटिस्टोक). टीम असोसिएटेडच्या तेलांत ३० डब्ल्यूटी म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५ आणि ४० म्हणजे ५०० सीएसटी होतात, परंतु दुसऱ्या कंपनीचे ३० डब्ल्यूटी नेमके तितकेच असेल असे नाही. सीएसटी हे दाटपणाचे प्रत्यक्ष मोजमाप आहे; त्या मापात पाण्याचा आकडा साधारण १ येतो. म्हणून शक्य असेल तेथे सीएसटीच पाहावे आणि निदान चारही शॉकमध्ये एकाच कंपनीचे तेल वापरावे.

शॉक पूर्ण उघडून जुने तेल ओतून टाकावे. ते करडे किंवा काळपट असेल तर त्यात झिजलेल्या धातूचे आणि धुळीचे कण आहेत. सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण पाण्याचा राहिलेला थेंब तेलात मिसळत नाही आणि तळाशी बसून राहतो. दांड्यावरून बॉल-एंड काढताना दांडा पकडीने थेट धरू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दांड्याभोवती गुंडाळून मग पकड लावावी. नव्या ओ-रिंग बसवण्यापूर्वी शॉकच्याच तेलात भिजवाव्यात. दांडा त्यांतून सरकवताना त्याच्या टोकावरचे आटे ओ-रिंगला कापू शकतात. तेलाचा एक थेंब आट्यांवर टाकून आणि दांडा किंचित फिरवत ढकलल्यास रिंग शाबूत राहते. नवी रिंग बसवल्यावर आठवड्याभरात गळती पुन्हा सुरू झाली, असे जे सांगतात त्यांची रिंग बहुधा याच टप्प्यावर कापली गेलेली असते.

आता दांडा पूर्ण बाहेर ओढून, शॉक उभा धरून, काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईपर्यंत तेल भरावे. पिस्टन तेलाच्या पृष्ठभागाबाहेर येऊ न देता दांडा अगदी सावकाश आठ-दहा वेळा वर-खाली करावा. पिस्टनखाली अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागेल. नंतर शॉक उभाच ठेवून दहा मिनिटे त्याच्याकडे पाहूही नये. दाट तेलात बुडबुडे वर यायला वेळ लागतो आणि या दहा मिनिटांची काटकसर पुढे मैदानावर महागात पडते. बुडबुडे संपल्यावर तेल काठोकाठ करावे.

डायफ्रॅमच्या शॉकमध्ये डायफ्रॅम तिरका धरून एका कडेने टेकवत बसवावा, म्हणजे त्याखाली हवा अडकत नाही आणि जास्तीचे तेल कडेने ओघळून जाते. मग टोपी दोन-तीन आटे चढवून दांडा हळूहळू आत ढकलावा. जास्तीचे तेल आट्यांमधून बाहेर येईल. दांडा जितका आत असताना टोपी घट्ट कराल तितका रिबाउंड कमी राहील. पूर्ण आत ढकलून टोपी आवळली तर रिबाउंड जवळजवळ शून्य होतो आणि अर्ध्यावर आवळली तर दांडा साधारण तितकाच परत येतो. टोपीवर छोटा ब्लीड स्क्रू असलेल्या शॉकमध्ये हेच काम टोपी पूर्ण आवळून आणि तो स्क्रू मोकळा ठेवून अधिक स्वच्छपणे करता येते. इमल्शन शॉक बंद केल्यावर दहा-बारा वेळा जोरात चालवावा, म्हणजे हवा आणि तेल एकजीव होतात, आणि त्यानंतरच त्याची जोडीदाराशी तुलना करावी. शेवटी दांडा एकदा पूर्ण आत जातो याची खात्री करावी. न गेल्यास तेल जास्त झाले आहे; टोपी किंचित सैल करून एक थेंब बाहेर काढावा.

जुळणी

येथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. वहीत तारीख, हवा, जमीन, तेल, स्प्रिंगचा रंग, पिस्टन आणि शॉक कोणत्या भोकात होता एवढे लिहिले तरी पुरे. स्प्रिंगच्या रंगांचा संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे नुसते ‘पिवळी’ असे लिहून ठेवल्यास वर्षभरानंतर त्याचा काही उपयोग होत नाही. कंपनीचे नावही लिहावे.

पहिले काम गाडीच्या उंचीचे आहे. बॅटरीसह गाडी १५ सेंटिमीटरवरून सोडावी, बसू द्यावी आणि पाहावे. मातीवरच्या बग्गीसाठी मागचे आर्म किंवा चाकांना फिरवणारे दांडे (ड्राइव्हशाफ्ट) जमिनीला जवळपास समांतर असणे ही चांगली सुरुवात आहे. पुढची बाजू मागच्याइतकी किंवा किंचित खाली ठेवावी. हे काम कॉलर फिरवून होते. ट्रॅक्सस स्लॅशसारख्या ट्रकमध्ये कॉलरच्या जागी वेगवेगळ्या जाडीच्या प्लास्टिकच्या क्लिप बसवायच्या असतात.

कॉलरबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज येथे दूर केला पाहिजे. कॉलर खाली घेतल्याने स्प्रिंग कडक होत नाही. साध्या स्प्रिंगला आणखी १ मिलिमीटर दाबण्यासाठी आधी जितके बल लागत होते तितकेच नंतरही लागते. बदलते ती गाडीची उंची. शिवाय गाडी उंच झाली की चाकांना खाली लोंबण्यासाठी उरलेली चाल कमी होते, त्यामुळे खड्डा आला की चाक खाली जाऊन जमीन धरण्याऐवजी हवेत राहते. कॉलर पार खालपर्यंत नेऊनही गाडी बसतच असेल, तर पुढच्या क्रमांकाची कडक स्प्रिंग घेण्याची वेळ आली आहे.

स्प्रिंग बदलताना नियम असा लक्षात ठेवावा की ज्या टोकाची स्प्रिंग मऊ, त्या टोकाला पकड जास्त. गाडी वळायला तयार नसेल तर पुढची स्प्रिंग एक क्रमांकाने मऊ करावी किंवा मागची कडक करावी. मागचा भाग वेग देताच बाहेर फेकला जात असेल तर मागची स्प्रिंग मऊ करावी. मात्र फार मऊ केल्यास गाडी इतकी कलते की स्टिअरिंगला उत्तर द्यायला उशीर करते आणि डांबरावर आतली चाके उचलली जाऊन कोलांटी खाते. खडबडीत मुरमावर मऊ आणि सपाट डांबरावर कडक, ही सुरुवातीची दिशा सहसा चुकत नाही.

तेलाची निवड स्प्रिंगनंतर करावी, कारण कडक स्प्रिंगला आवरायला दाट तेल लागते आणि मऊ स्प्रिंगला पातळ. मातीवरच्या १/१० गाडीसाठी ३० डब्ल्यूटीच्या आसपास सुरुवात करणे सोयीचे असते. लहान-लहान उंचवट्यांवर चाके थडथडत जमीन सोडत असतील तर तेल एका टप्प्याने पातळ करावे. उडीनंतर चेसिस आपटत असेल किंवा गाडी उसळत असेल तर एका टप्प्याने दाट करावे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी असतील तर तेलाने एक सुटते आणि दुसरी वाढते. अशा वेळी पिस्टनकडे वळावे.

पिस्टनची गंमत अशी की त्याचा परिणाम वेगाप्रमाणे पालटतो. बारीक भोकांचा पिस्टन आणि पातळ तेल ही जोडी सावकाश हालचालीत मऊ वाटते, पण उडीवरून उतरताना पिस्टन इतक्या वेगाने धावतो की तेलाला बारीक भोकांतून निघायला सवडच मिळत नाही आणि शॉक क्षणभर जणू गोठतो. यालाच पॅक म्हणतात. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर चेसिस आपटण्यापासून हा पॅकच वाचवतो. याउलट मोठी भोके आणि दाट तेल ही जोडी सावकाश हालचालीत भारदस्त राहते, पण अचानक आलेल्या दगडाला किंवा खाचेला वाट देते. म्हणून उड्या जास्त आणि जमीन गुळगुळीत असेल तर बारीक भोके, आणि जमीन खडबडीत पण उड्या लहान असतील तर मोठी भोके निवडावीत. आपल्याकडे बहुतेकांना तयार ट्रॅक मिळत नाही, मोकळ्या मैदानावरच चालवावे लागते. त्यांच्यासाठी दुसरी जोडी अधिक उपयोगी ठरते, असा माझा अनुभव आहे.

टॉवरवरची, म्हणजे शॉकचे वरचे टोक जेथे बसते त्या उभ्या पट्टीवरची, भोके बदलणे हा शेवटचा आणि स्वस्त उपाय आहे. शॉकचे वरचे टोक आतल्या भोकात घेऊन तो जास्त आडवा केला, की सुरुवातीची चाल मऊ होते आणि पुढे कडकपणा वाढत जातो. जास्त उभा केला की शॉक सुरुवातीपासूनच ठाम राहतो आणि गाडी स्टिअरिंगला चटकन उत्तर देते. खालचे टोक आर्मवर आतल्या भोकात घेतले तर चाकाला तरफेचा फायदा मिळून तीच स्प्रिंग मऊ वाटू लागते. भोक कोणतेही बदलले तरी उंची पुन्हा मोजावी, कारण तीही बदललेली असते.

हवामानाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. सिलिकॉन तेलाचा दाटपणा २५ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो आणि ४० अंशांवर तो साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी जुळवलेली गाडी विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी एखाद्या टप्प्याने किंवा त्याहूनही जास्त पातळ तेल भरल्यासारखी वागते आणि त्यात स्प्रिंगचा काही दोष नसतो. उन्हाळ्यात तेल एका टप्प्याने दाट करावे आणि हिवाळ्यात परत आणावे. गाडी उन्हात तापलेल्या डिकीतून काढल्याबरोबर केलेली तपासणीही फसवी असते; ती सावलीत निवू द्यावी.

पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी चालवल्यास घरी आल्यावर शॉकवर नळाची धार सोडू नये, कारण धारेने माती सीलपाशी आत ढकलली जाते. स्प्रिंग काढून दांड्याभोवतीचा चिखल ओल्या ब्रशने खालच्या दिशेने काढावा, पुसून कोरडा करावा, दांड्यावर शॉकच्या तेलाचा एक थेंब लावून तो दोन-तीन वेळा चालवावा आणि वर आलेला काळपट तेलकट डाग कापडाने पुसून मगच स्प्रिंग परत चढवावी.